कागदावरची ठिगळं

१

मेलेल्या माणसावर खापर फोडणं सगळ्यात सोपं. तो उठून भांडायला येत नाही. म्हणून भांडायला मी गेलो.

माझा थोरला भाऊ ऑरिन गेल्या पानगळीत गोळी लागून गेला. आमच्या गावच्या नेमबाजीच्या रेंजवर, भर सकाळी. रायफल आमच्याच नेमबाजी क्लबातल्या क्लेटनची, काडतुसं ऑरिनने स्वतः घरी भरलेली. ऑरिन शंभर यार्डांवर निशाणाच्या कागदापाशी गेला होता आणि इकडे टेबलापाशी क्लेटनने काडतुसांनी भरलेलं मॅगझिन लावून बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा खटका, मागे ओढून सोडला. बोल्ट पुढे जाऊन आदळला आणि बार उडाला. चापाला बोटही लावलं नव्हतं, असं क्लेटनने शेरिफला सांगितलं, क्लबला सांगितलं, आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून ऑरिनच्या बायकोला, लॉर्नाला सांगितलं. बंदुकीच्या कारागिराने रायफल उघडून पाहिली, त्याला दोष सापडला नाही. मग उरलं काय, तर काडतूस. त्याच्या बुडाला टोपी असते, तिच्यावर सुई आपटली की आतली दारू पेटते. ती टोपी नीट बसली नसेल, जरा वर राहिली असेल, बोल्टच्या दणक्यानेच फुटली असेल. घरी भरलेला माल, दुसरं काय होणार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हा. ऑरिनला मी काडतुसं भरताना पन्नास वर्षं पाहिलं होतं. प्रत्येक काडतूस मुठीत घेऊन त्याच्या बुडावरून तो अंगठा फिरवायचा. टोपी केसभर वर असली तरी अंगठ्याला कळते. तो डबा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचा, समोर बेसबॉल चाललेला आणि अंगठा आपला फिरतोय. असला माणूस टोपी वर ठेवेल? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आणि लॉर्ना. तिने त्याचं काडतुसं भरायचं यंत्र गंजलेल्या पत्र्यांबरोबर भंगारात टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, "तो आपल्याच हाताने मेला, वर्न. विषय संपला." त्या वाक्यापायी मी हिवाळाभर धड झोपलो नाही. ते वाक्य तिच्याकडून परत घ्यायला लावायचं, एवढंच मला हवं होतं.

शेरिफने ऑरिनच्या काडतुसांचा उरलेला डबा परत केला तो तिने दारातच माझ्या हातात दिला. मी घरी येऊन क्लेटनला फोन केला. म्हटलं, "तुझी रायफल घे आणि रेंजवर ये. तुझ्या डोळ्यांदेखत हा सगळा डबा उडवतो. एक जरी काडतूस आपोआप उडालं, तर गुडघ्यांवर बसून तुझी माफी मागतो."

"आणि नाही उडालं तर?"

"तर तू चाप ओढलास. आणि ते तू स्वतः लॉर्नाच्या घरी जाऊन सांगायचंस."

त्याने दिवस आणि वेळ विचारली. मग म्हणाला, "ये म्हणतोस तर येतो."

२

मे महिना होता. गवत नुकतं हिरवं झालेलं, टेकड्यांच्या उत्तरेकडच्या घळींत अजून बर्फाच्या रेघा. कामाचा दिवस होता, त्यामुळे रेंजवर चिटपाखरू नव्हतं. फाटकाची किल्ली माझ्याकडे असते. क्लेटनची क्लबने हकालपट्टी केली होती, म्हणून तो फाटकाबाहेर गाडीत बसून होता, पेट्रोलपंपावरचा कॉफीचा कागदी कप दोन्ही हातांत धरून. बारीक झाला होता. मला कीव नाही आली.

"झोपलास का?" मी विचारलं.

"तुझ्याएवढंच," तो म्हणाला.

पत्र्याच्या छपराखालच्या टेबलावर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. जुनी फौजी बनावटीची, लाकडी दस्त्याची, एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी. अशा रायफलीत सुई मोकळी असते, बोल्ट आदळला की ती टोपीला हलकीशी टेकतेच. चांगली बसलेली टोपी ते सहन करते. वाईट बसलेली करत नाही. हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, म्हणून तर सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या.

पलीकडे लाकडी चौकटीवर मी स्वच्छ कागद टाचून आलो. जाताना पिवळा झेंडा चढवला, येताना उतरवला. झेंडा वर असला की पुढे कोणीतरी गेलेलं आहे. तेव्हा सगळ्या रायफलींचे बोल्ट उघडे, आणि माणसांनी टेबलापासून मागे, पांढऱ्या रेघेपलीकडे उभं राहायचं. रायफलीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"त्या दिवशी झेंडा वर होता," मी क्लेटनला ऐकवलं.

"होता. मी पाहिला नाही. मला वाटलं ऑरिन मागे गाडीपाशी आहे. ते पाप माझं, ते मी कुठे नाकारतोय? पण चाप मी ओढला नाही, वर्न."

"कळेलच."

पहिले पाच बार मी सावकाश उडवले. कानांवरचं जाड आवरण असूनही प्रत्येक दणका दातांत जाणवत होता. एकही काडतूस अडकलं नाही. रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे एकाच जागी, टोपलीत टाकल्यासारख्या पडल्या. दारू मापात असली की असं होतं, कमीजास्त असली की पुंगळ्या अंगणभर उधळतात.

"बघ," मी म्हटलं. "हा म्हणे निष्काळजी माणूस."

क्लेटन तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. बराच वेळ वाकूनच राहिला.

"भोकं किती पसरलीत?" मी विचारलं.

"वर्न, तू जुना कागद लावलास का?"

"कोरा लावलाय. का?"

"याच्यावर ठिगळं आहेत."

३

मी त्याला बाजूला सारून पाहिलं. कागदाच्या मध्यावर काळ्या वर्तुळात एकही भोक नव्हतं. होती ती छोटी चौकोनी काळी ठिगळं, एकमेकांना खेटून. एका मनगटी घड्याळाखाली पाचही झाकली असती. बार झाल्यावर भोकं बुजवायला आम्ही अशी कागदाची ठिगळं लावतो, म्हणजे तोच कागद पुन्हा वापरता येतो. पण ती लावायला माणसाला तिथवर चालत जावं लागतं.

पहिला विचार आला तो हाच, की घाईत डिक्कीतला जुना कागद उचलला. मी स्वतःवरच चिडलो. झेंडा चढवला, बोल्ट उघडा ठेवला, दोघंही चालत गेलो.

कागद जुना नव्हता. कडा करकरीत होत्या, मी मारलेल्या टाचण्या चकाकत होत्या. मी एक ठिगळ नखाने उचकटलं. खाली ताजं भोक. ठिगळाची मागची बाजू ओली होती.

हल्ली सगळेजण सोलून लावायची चिकट ठिगळं वापरतात. जुनी, डिंक लावलेली, जिभेने ओली करून चिकटवायची ठिगळं आमच्या क्लबात एकच माणूस वापरायचा. बाकीचे त्याला हसायचे. डिंकाची चव आवडते मला, असं म्हणायचा.

मी वळून क्लेटनची कॉलर धरली. "कोणाला आणून बसवलंस? कुठे लपलाय तो?"

"कुठे लपणार?" त्याने हात झटकला. "बघ की. एक झुडूप तरी आहे?"

खरंच नव्हतं. चौकट, तिच्यामागे मातीचा उंच बांध, दोन्ही अंगांना गुडघ्याएवढं गवत. मी तरी बांधाच्या मागे जाऊन आलो. तिथे हरणांच्या लेंड्या होत्या. क्लेटन चौकटीपासून दहा पावलं मागे सरकून उभा होता, आणि ते पाहून माझा राग आणखी वाढला. नाटकं सुचतायत याला, माझ्या भावाच्या जिवावर.

"तूच काहीतरी केलंयस," मी म्हटलं. "कसं ते मला कळत नाही. पण मी काडतुसं संपवल्याशिवाय इथून हलणार नाही."

४

मी दुसरा कागद लावला. या वेळी क्लेटनला माझ्या डाव्या हाताशी, मला दिसेल असा बसवला आणि दुर्बिणीकडे पाहायचं नाही म्हणून बजावलं.

पाच उडवले. पुन्हा सगळं सुरळीत, पुंगळ्या पुन्हा त्याच जागी. कानांवरचं आवरण काढलं तेव्हा आजूबाजूची शांतता जरा जास्तच वाटली. मघापासून कुंपणावर चंडोल गात होता, तो गप्प झाला होता. छपराचा पत्रा वाऱ्याने वाजत होता, आणि त्याच्यापलीकडून, रेंजच्या दुसऱ्या टोकाकडून, कागदावर तळहात घासल्यासारखा आवाज येत होता. शंभर यार्डांवरून असला आवाज ऐकू येत नाही. दणक्यांनी माझे कान वाजत होते, दुसरं काही नाही.

"ऐकलंस?" क्लेटनने विचारलं.

"पत्रा आहे."

दुर्बिणीतून पाहिलं. पाच ठिगळं, एकमेकांना खेटून. शेवटचं अजून ओलसर होतं, त्याची कड उन्हात चमकत होती.

"वर्न, पुढे कोणीतरी आहे," क्लेटन उभा राहत म्हणाला. "रेंज बंद कर."

"पुढे कोणी नाही. आत्ता आपण बघून आलो."

"मग ठिगळं कोण लावतंय?"

"मला काय विचारतोस? तुझी रायफल आहे."

"अरे, कधीतरी ऐक की. ही एक चूक मी केलीय. पुढे माणूस असताना बोल्टला हात लावलाय मी. मी सांगतोय तुला, नको."

त्याचा आवाज फाटला होता. एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी त्याला कधी विनवण्या करताना ऐकलं नव्हतं. माझ्या मनात मात्र एकच आलं, की हा घाबरलाय कारण काडतुसं निर्दोष निघतायत.

"बस खाली," मी म्हटलं. "बारांचं झालं. आता खरी परीक्षा. त्या दिवशी जे झालं तेच करू."

मॅगझिनमध्ये एक काडतूस घालायचं, बोल्ट मागे ओढून सोडून द्यायचा, चापापासून हात लांब. आदळू द्यायचा. मग काढून बघायचं. पहिलं काढलं, टोपीवर तिळाएवढी खूण, बाकी काही नाही. दुसरं, तसंच. तिसरं, चौथं, तसंच. प्रत्येक वेळी मी ते काडतूस क्लेटनच्या नाकासमोर धरत होतो.

"हे उडालं का?"

"नाही."

"हे?"

"नाही, वर्न."

"मग माझा भाऊ कशाने मेला?"

तो टेबलावर कोपरं टेकून डोकं धरून बसला. "मला नाही माहीत. मी रोज रात्री तो क्षण पुन्हा पाहतो. माझं बोट चापावर नव्हतं. आता मलाच खात्री राहिलेली नाही. तेच ऐकायचं होतं ना तुला? सांगतो मी लॉर्नाला. चल, जाऊ."

मी जिंकलो होतो. तिथेच उठायला हवं होतं. पण तो ते कसं म्हणाला, हात झटकून, पिच्छा सोडवायला म्हणावं तसं, त्याने माझं रक्त पुन्हा उसळलं. डब्यात एक काडतूस उरलं होतं.

"हे राहिलंय," मी म्हटलं. "उद्या कोणी म्हणायला नको, की शेवटचंच खराब होतं."

५

ते काडतूस मी मुठीत घेतलं आणि बुडावरून अंगठा फिरवला. टोपी कडेच्या किंचित खालीच होती, बसायला हवी तशी. हे मी शपथेवर सांगतो. क्लेटनच्या अंगठ्यालाही लावून पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "लवकर कर."

काडतूस मॅगझिनमध्ये घातलं, मॅगझिन लावलं, बोल्ट मागे ओढून उजव्या हाताने धरून ठेवला. रायफल पिशव्यांवर, नळी कागदाच्या दिशेला. माझा डावा हात टेबलावर पालथा. सोडण्याआधी एकदा पुढे बघून घ्यावं, म्हणून मी बाजूच्या दुर्बिणीला डोळा लावला. सवयच असते ती.

कागदावर हात होता.

चौकटीच्या कडेवरून पलीकडून आलेला, मनगटापर्यंत, खाकी बाहीत. बाकी माणूस कागदाच्या आड होता, किंवा नव्हता. खाली चौकटीच्या पायांमधून मला फक्त गवत दिसत होतं. हाताचा अंगठा एका ठिगळावरून फिरत होता, कडेपासून मध्याकडे, हवा काढत, सावकाश. तो अंगठा मी ओळखतो. नखावर लहानपणची चीर आहे, आमच्याच कोठारात दारात सापडून झालेली.

मला एक शब्द बोलायचा होता. क्लेटन दोन हातांवर होता, झेंड्याची दोरी चार पावलांवर होती, आणि मी बोल्ट धरून होतो, तो तसाच धरून ठेवणं एवढंच करायचं होतं.

आणि मला राग आला. दुसरं काही नाही, निव्वळ राग. हिवाळाभर मी ज्याच्यासाठी जगाशी भांडत होतो, तो तिथे उभा राहून ठिगळं लावत होता, काही झालंच नाही अशा थाटात. डोळे फसवतायत, ऊन आहे, झोप नाही, हे असं नसतंच, असू शकत नाही. नाहीच आहे तर घाबरायचं कशाला?

तो हात थांबला. कागदावरून उचलला गेला. मग वर गेला आणि तळवा माझ्याकडे वळला, पाची बोटं पसरलेली.

मी बोल्ट सोडला.

बार उडाला. रायफल टेबलावरून सरकली आणि माझ्या छातीला लागली. माझा उजवा हात उघडा, हवेत होता, चापापासून वीतभर लांब.

६

क्लेटन रडत होता. माझा तो उघडा हात त्याने मनगटाला धरला होता, सोडतच नव्हता. "पाहिलंस? पाहिलंस ना? मी ओढला नव्हता. देवा, मी ओढला नव्हता." थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाला, "बरं झालं, या वेळी पुढे कोणी नव्हतं."

आम्ही चालत गेलो. कागदावर सहावं ठिगळ होतं, एका कोपऱ्याला चिकटलेलं, बाकीचं वाऱ्यावर फडफडत. त्याच्याखाली भोक नव्हतं. कागदाला नवं भोकच नव्हतं. बांधाच्या मातीतही ताजी खूण दिसेना. क्लेटन म्हणाला, रायफल उसळली, गोळी वरून गेली असेल. मी मान डोलावली.

तिथून मी सरळ लॉर्नाकडे गेलो. दुपार झाली होती. तिने काही न विचारता चिलीचा, खिमा-राजम्याच्या रश्श्याचा, वाडगा समोर ठेवला, बाजूला दालचिनीचा गोड पाव. ऑरिनच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. मी चमचा उचलला नाही.

"काय झालं?" तिने विचारलं.

"एक उडालं. आपोआप. क्लेटन खरं बोलत होता."

ती माझ्यासमोर बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? पण तिचा चेहरा एकदम सैल पडला, हिवाळाभर आवळलेली गाठ सुटावी तसा.

"म्हणजे त्याने मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"कोणी?"

"क्लेटनने. तुला मी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. गोळी आधी ऑरिनच्या तळहातातून गेली होती, मग छातीत. डॉक्टरने मला एकटीला दाखवलं." तिने आपला उजवा हात वर धरला, तळवा माझ्याकडे. "असा. समोरून. मी तेव्हापासून एकच धरून बसले, की त्याचं काडतूसच वाईट होतं, तो आपल्याच हाताने मेला. कारण नाहीतर मग त्याने हात वर केला होता, थांब म्हणून, आणि कोणीतरी ते पाहूनसुद्धा गोळी सोडली. ते घेऊन मला जगता आलं नसतं, वर्न."

मी वाडग्याकडे पाहत होतो. चिलीवर साय धरायला लागली होती.

"क्लेटनने पाहिलं नाही," मी म्हटलं. "तो पुढे बघतच नव्हता. झेंडासुद्धा दिसला नाही त्याला."

"हो, तो तेच म्हणतो. आणि आता मला ते पटतंय." तिने हात खाली घेतला, टेबलावर ठेवला, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"पण क्लेटन बघत नव्हता," ती म्हणाली, "तर मग ऑरिन थांब म्हणत होता कोणाला?"